निनवेचा उपवास : प्रारंभिक ख्रिस्ती परंपरेतील योनाचा उपदेश
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे एक प्रवचन. वक्त्याने श्रोत्यांना धीर द्यावा म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, हे प्रवचन मूळ हिब्रू भाषेत अवघ्या पाच शब्दांचे आहे. माझे व्याख्यान तितके आटोपशीर होणार नाही, याबद्दल क्षमा असावी. या पाच शब्दांवर पुढे शेकडो वर्षे ग्रीक, लॅटिन आणि सुरियानी भाषांतील थोर वक्त्यांनी आपली वाणी झिजवली. म्हणून मला त्यांविषयी बोलावेसे वाटले.

प्रवचनकार म्हणजे योना संदेष्टा. मुसलमान बांधव त्यालाच यूनुस म्हणतात. बायबलच्या जुन्या करारात त्याच्या नावाचे एक छोटे पुस्तक आहे. अध्याय चार, वचने अठ्ठेचाळीस. मोठ्या माशाने गिळलेला मनुष्य म्हणून योना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. परंतु मासा हा या कथेतील एक प्रसंग आहे. कथेचे हृद्गत निराळे आहे.

देवाने योनाला आज्ञा केली की, निनवे नगरीला जा आणि तिच्या दुष्टतेचा धिक्कार कर. निनवे ही असुरियाची महानगरी. आजच्या इराकमध्ये, मोसूल शहरासमोर तैग्रीस नदीच्या पलीकडे तिचे अवशेष पसरले आहेत. असुरियाच्या सैन्याने पुढे इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेचे राज्य बुडविले. म्हणजे ज्या लोकांना उपदेश करावयाचा, ते त्याच्या देशाचे वैरी. योनाने पूर्वेची वाट धरण्याऐवजी याफो बंदर गाठले आणि तार्शीशकडे, म्हणजे अगदी उलट दिशेला, जाणाऱ्या जहाजाचे भाडे भरले. मग वादळ, खलाशांची प्रार्थना, चिठ्ठ्या टाकणे, योनाचे समुद्रात फेकले जाणे, माशाच्या पोटातील तीन दिवस आणि तीन रात्री, आणि शेवटी कोरड्या भूमीवर पुनरागमन. दुसऱ्यांदा आज्ञा झाली तेव्हा मात्र तो गेला. नगरीत एक दिवसाची वाट चालला आणि चाळीस दिवसांनी हे शहर उलथून पडेल एवढेच त्याने घोषित केले. देवाचे नाव नाही, पापांची यादी नाही, पश्चात्ताप करा असा शब्ददेखील नाही. क्षमेचे आश्वासन तर दूरच राहिले. इतके कंजूष प्रवचन कोणत्याही धर्मग्रंथात क्वचितच सापडेल. त्याचा परिणाम मात्र असा की, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, लहानथोरांनी गोणपाट नेसले, आणि गुराढोरांनीही उपवास करावा व गोणपाट पांघरावे अशी दवंडी फिरली.

त्या पाच शब्दांतील शेवटचा शब्द मोठा चमत्कारिक आहे. ‘नेह्पाखेत’ म्हणजे उलथून जाणे. पण त्याच धातूचा अर्थ पालटणे असाही होतो. नगर उलथेल, किंवा नगर पालटेल. तालमुदातील यहुदी पंडितांच्या ध्यानात हा श्लेष आलेला होता. योनाच्या मनात पहिला अर्थ होता आणि घडला दुसरा. तेव्हा त्याचे भाकीत खोटे ठरले की खरे ठरले, याचा निवाडा सोपा नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. आपण मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हणतो. त्यात मागाहून होणारा ताप, म्हणजे हळहळ, मुख्य आहे. संतांचा ‘अनुताप’ त्याच घरातला, जरा अधिक जिव्हाळ्याचा. हिब्रूत यासाठी जी क्रिया आहे, ‘शूव’, तिचा साधा अर्थ मागे वळणे, परतणे, वाट चुकलेला माणूस परततो तसे. ग्रीक ख्रिस्ती लोकांनी ‘मेटानोइया’ हा शब्द योजला. त्यात मनाचा पालट आहे. सुरियानी भाषेत ‘त्याबूता’ म्हणतात, म्हणजे पुन्हा परतणेच. अरबी ‘तौबा’ याच कुळातला, आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन ‘तोबा तोबा’ झाला. बाजारात भाव ऐकून आपण कानाच्या पाळ्या धरतो तेव्हा निनवेकरांच्या शब्दकुळाशी आपले दूरचे नाते असते, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल.

ख्रिस्ती परंपरेत योनाचा प्रवेश येशूच्या मुखातून झाला. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत असे आहे की, लोकांनी चिन्ह मागितले तेव्हा येशूने योनाच्या चिन्हाखेरीज दुसरे मिळणार नाही असे उत्तर दिले. मत्तय हे चिन्ह माशाच्या पोटातील तीन दिवसांशी, म्हणजे येशूच्या मृत्यूशी आणि पुनरुत्थानाशी जोडतो. लूक मात्र माशाचा उल्लेखही करीत नाही. त्याच्या लेखी खुद्द योना आणि त्याचा उपदेश हेच चिन्ह. पुढील ख्रिस्ती विचारात हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत राहिले. पहिला अधिक लोकप्रिय झाला. मला व्यक्तिशः दुसरा अधिक खोल वाटतो.

पहिल्या शतकाच्या अखेरीस, साधारण इ. स. ९६ च्या सुमारास, रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला एक दीर्घ पत्र धाडले. परंपरा त्याचे कर्तृत्व क्लेमेंतकडे देते. करिंथमध्ये काही मंडळींनी वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पदावरून दूर केले होते आणि तट पडले होते. (पन्नास वर्षे मंडळ चालविलेल्या आपणा सर्वांना हा प्रसंग परका वाटू नये.) त्या पत्रात क्लेमेंत म्हणतो की, प्रत्येक पिढीत देवाने पश्चात्तापाला जागा ठेवली आहे. दाखले दोन : नोहाचा आणि योनाचा. आणि निनवेकरांविषयी तो आवर्जून नोंदवितो की, ते देवाला परके असूनही तरले.

‘परके असूनही’ या शब्दांत सगळी मेख आहे. कारण त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीपुढील प्रश्न परक्यांपेक्षा आपल्याच माणसांचा अधिक होता. बाप्तिस्मा घेऊन पूर्वीची पापे धुऊन निघाली. त्यानंतर माणूस घसरला तर काय? दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथाने उत्तर दिले की, आणखी एक संधी आहे, पण एकच. २५० मध्ये सम्राट देकियसने सर्व प्रजेला रोमच्या देवतांपुढे यज्ञ करण्याची सक्ती केली. भीतीपोटी पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ती पाळली, आणि संकट टळल्यावर तेच लोक रडत दाराशी आले. त्यांना घ्यावे की नाही यावरून मंडळी दुभंगली. नोव्हाशियनचा कठोर पंथ वेगळा झाला आणि पुढे कित्येक पिढ्या वेगळाच राहिला.

त्याच तिसऱ्या शतकात रोमच्या भुयारी दफनभूमींत, कॅलिस्तसच्या व इतर, ख्रिस्ती चित्रकार भिंतींवर योना रंगवीत होते. प्रारंभिक ख्रिस्ती कलेत योनाइतका वारंवार येणारा जुन्या करारातील नायक विरळाच. तीन दृश्ये ठरलेली : योनाला समुद्रात टाकतात, जलराक्षस त्याला ओकतो, आणि तो भोपळ्याच्या मांडवाखाली हात डोक्यामागे घेऊन निवांत पहुडलेला असतो. ही शेवटची ऐट ग्रीक पुराणातील निद्रिस्त एन्डिमियनवरून उचललेली आहे. निनवेतील उपदेशाचे चित्र मात्र क्वचितच सापडते. मृतांच्या सान्निध्यात विसावा आठवावा, हिशेब आठवू नये, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

त्या भोपळ्यावरून एकदा दंगल होण्याची पाळी आली होती. निनवेबाहेर योनावर सावली धरणाऱ्या झाडाचे हिब्रू नाव ‘किकायोन’. ग्रीक भाषांतरात त्याचा भोपळा झाला होता आणि जुन्या लॅटिन भाषांतरात तोच उतरला. जेरोमने मूळ हिब्रूवरून नवे लॅटिन भाषांतर केले, त्यात भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल आणला. उत्तर आफ्रिकेतील ओइया, म्हणजे आजचे त्रिपोली, येथील बिशपने हे नवे भाषांतर उपासनेत वाचताच लोक खवळले. पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेला भोपळा गेला कोठे? बिशपची मंडळीच हातची जाण्याची वेळ आली. ४०३ मध्ये ऑगस्टिनने ही हकीकत जेरोमला पत्राने कळविली, आणि जेरोमने ४०४ च्या सुमारास तिला तिखट उत्तर दिले. आजच्या पुष्कळ अभ्यासकांच्या मते ते झाड एरंडाचे असावे. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, ते येथे शब्दशः लागू पडले. चाळीस दिवसांबाबतही असाच घोळ आहे. ग्रीक भाषांतरात मुदत चाळीस दिवसांची नसून तीन दिवसांची आहे. ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात योनाने चाळीसच म्हटले असावे असा कौल दिला, आणि तरीही दोन्ही आकड्यांत गूढार्थ शोधून दोन्ही पक्षांना संतुष्ट केले.

पण योनाचा उपदेश पुस्तकातून उठून खरोखरीच एका शहरात हिंडला तो ३८७ मध्ये, अंत्युखियात. सम्राट थिओडोसियसने नवा कर बसविला. लोक चिडले, जमाव बेभान झाला, आणि सम्राटाचे व त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे खाली ओढून रस्त्यांतून फरफटविले गेले. राजपुतळ्याचा अपमान म्हणजे राजद्रोह. संध्याकाळपर्यंत जोश ओसरला आणि भीती उरली. आता सम्राट शहराचे काय करील? लोक घरेदारे टाकून डोंगरांत पळू लागले. वृद्ध बिशप फ्लेव्हियन क्षमायाचनेसाठी कॉन्स्टँटिनोपलच्या दूरच्या प्रवासाला निघाला. मागे राहिला एक तरुण धर्मगुरू, योहान. आदल्याच वर्षी त्याला दीक्षा मिळाली होती. पुढे ‘ख्रिसोस्तोम’, सुवर्णमुख, म्हणून जग त्याला ओळखू लागले. महाउपवासाचे दिवस होते. शिक्षेच्या छायेत बसलेल्या त्या शहरापुढे त्याने जी प्रवचनमाला गुंफली, तिची परंपरागत संख्या एकवीस आहे.

या श्रोत्यांना निनवे समजावून सांगावी लागली नाही. ख्रिसोस्तोमचा एक युक्तिवाद मला फार मार्मिक वाटतो. माणसांच्या न्यायालयात शिक्षा उच्चारली की ती पक्की होते. देवाच्या न्यायालयात निनवेची शिक्षा उच्चारली म्हणूनच ती रद्द झाली. कारण ती जाहीर झाली नसती तर लोक घाबरले नसते, वळले नसते, आणि वाचलेही नसते. म्हणजे नाशाची धमकी हीच जीवनाची जननी झाली. दुसरा मुद्दा त्याहून रोखठोक. निनवेकर वाचले ते नुसत्या उपवासाने वाचले काय? देवाने पाहिले ते हे की, ते आपल्या वाईट मार्गापासून फिरले. मांस वर्ज्य करणारा जर चहाड्या करून भावाचे लचके तोडीत असेल, तर त्या उपवासात काय अर्थ, असे तो भर सभेत विचारी. आपल्याकडे एकादशीच्या दिवशी हा प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणी करावे!

अखेर अंत्युखियाला क्षमा मिळाली, आणि ईस्टरच्या सुमारास फ्लेव्हियन परतला. आरंभी काहींना देहदंड झाला होता हे विसरता येत नाही, पण शहर राहिले.

आणि हा ‘उपवास नव्हे, आचरण’ हा विचार मूळचा ख्रिस्ती नव्हे. यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात, अवर्षणाच्या वेळी सार्वजनिक उपवास कसा करावा याचे नियम आहेत. तेथे लोकांपुढे उभा राहणारा ज्येष्ठ मनुष्य निनवेचाच दाखला देतो आणि बजावतो की, देवाने त्यांचे गोणपाट पाहिले असे लिहिलेले नाही. त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. ही आठवण ठेवणे अगत्याचे आहे, कारण आता ज्या कवीकडे वळावयाचे आहे त्याने ती पुरेशी ठेवली नाही.

तो कवी म्हणजे संत एफ्रेम, सुरियानी भाषेचा सर्वश्रेष्ठ धर्मकवी. जन्म इ. स. ३०६ च्या सुमाराचा, मृत्यू ३७३. आयुष्याचा मोठा भाग निसिबिस या सरहद्दीवरील शहरात गेला. इराणचा राजा दुसरा शापूर याने त्या शहराला तीन वेळा वेढा दिला आणि तीनही वेळा ते टिकले. परंतु ३६३ मध्ये रोमन सम्राट ज्युलियन रणात पडल्यावर ते तहात इराणला देऊन टाकण्यात आले, आणि एफ्रेम इतर ख्रिस्ती निर्वासितांबरोबर निघून एदेस्सा येथे स्थायिक झाला. योना आणि निनवे यांवरील त्याच्या नावाचे दीर्घ पद्यप्रवचन सात अक्षरांच्या चरणांत आहे. चरणांची संख्या दोन हजारांवर जाते. बायबलमध्ये जे चार ओळींत आटोपले आहे, तेथे हा कवी ठाण मांडून बसतो. मुले आईबापांना विचारतात की, आता किती दिवस राहिले? किती घटका राहिल्या? आईबापांना अश्रू आवरत नाहीत, आणि मुलांना काय सांगावे हे सुचत नाही. राजा आपल्या सेनेपुढे भाषण करतो की, आजवरच्या लढाया निराळ्या होत्या. हा शत्रू शस्त्राने जिंकता येणारा नव्हे, येथे उपवास आणि प्रार्थना हीच आयुधे. वेढा पाहिलेल्या माणसाखेरीज इतर कोणाला हे लिहिता आले असते असे मला वाटत नाही.

पुढे एफ्रेम एक स्वतःचा प्रसंग रचतो. बायबलमध्ये त्याचा मागमूस नाही. नगरी वाचल्यावर कृतज्ञ निनवेकर योनाला सन्मानाने त्याच्या देशापर्यंत पोहोचवावयास निघतात. ज्या देशातून असा संदेष्टा आला तेथील लोक किती पुण्यवान असतील, ते डोळ्यांनी पाहू, ही त्यांची भाबडी इच्छा. योना ओशाळतो. कारणे सांगून त्यांना सीमेवरूनच परतविण्याचा प्रयत्न करतो. पण ते एका डोंगरावर चढतात आणि पलीकडे पाहतात तो मूर्ती, वेद्या, सर्व प्रकारचा अनाचार! भयभीत होऊन ते माघारी फिरतात.

काव्य म्हणून ही कल्पना अप्रतिम आहे. परंतु तिचा रोख यहुदी समाजावर आहे, आणि असल्या रोखाचे पुढील शतकांत यहुद्यांना काय भोगावे लागले हे आपण जाणतो. म्हणून येथे माझे मन एफ्रेमशी जुळत नाही. योनाचे पुस्तक मुळात यहुद्यांनीच लिहिले; शत्रूला आपल्यापेक्षा सरस ठरविणारी ही कथा त्यांनी स्वतःच आपल्या पवित्र ग्रंथांत जपली, आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत ती ते आजही वाचतात. स्वतःवर असा आसूड ओढणारे वाङ्मय किती समाजांपाशी आहे? एफ्रेमने तो आसूड उचलून दुसऱ्याच्या पाठीवर चालविला. डोंगरावरून दिसणारा तो देश आपलाही असू शकेल असे त्याने सुचविले असते, तर ते प्रवचन आणखी मोठे झाले असते.

सुरियानी परंपरेनेच निनवेच्या उपवासाला पंचांगात स्थान दिले. ‘बाऊता’, म्हणजे विनवणी, असे त्याचे नाव. महाउपवासाच्या तीन आठवडे आधी, सोमवार ते बुधवार, हा पाळतात. पूर्वेकडील मंडळीत अशी परंपरा सांगतात की, सहाव्या शतकात मेसोपोटेमियात महामारी आली तेव्हा निनवेकरांचे स्मरण करून तीन दिवस उपवास व प्रार्थना केली गेली, आणि तेव्हापासून तो रूढ झाला. मिसरच्या कॉप्टिक मंडळीने तो दहाव्या शतकात, सुरियानी वंशाच्या एका कुलगुरूच्या कारकिर्दीत स्वीकारला. आणि ही प्रथा अरबी समुद्र ओलांडून केरळातही आली. आपल्या शेजारच्या सिरियन ख्रिस्ती घरांत ‘मून्नु नोंबु’, तीन दिवसांचा उपवास, पाळतात तो हाच. कोट्टायम जिल्ह्यातील कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्यांतील मंगळवारी योनाच्या प्रवासाच्या स्मरणार्थ लाकडी जहाजाची मिरवणूक निघते. कडप्पूरची मंडळी ते जहाज खांद्यावर घेतात आणि वादळात सापडल्याप्रमाणे हेलकावतात. उपस्थितांपैकी ज्यांनी अद्याप ती पाहिली नसेल त्यांनी एकवार अवश्य पाहावी; पालखी नाचविणाऱ्या मराठी माणसाला ते हेलकावे परके वाटणार नाहीत.

खुद्द निनवेचे पुढे काय झाले? इ. स. पूर्व ६१२ मध्ये मेदी आणि बाबिलोनी सैन्यांनी ती धुळीस मिळविली. बायबलमध्येच नहूम संदेष्ट्याचे पुस्तक त्या विनाशाविषयी आहे. तेथील एका टेकाडाला ‘नबी यूनुस’ म्हणतात. त्यावर पूर्वी ख्रिस्ती मठ होता, मागाहून मशीद झाली, आणि योनाची समाधी म्हणून तिची ख्याती होती. जुलै २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ती सुरुंगाने उडवून दिली. पुढे त्या ढिगाऱ्याखाली असुरियन राजवाड्याचे अवशेष सापडले.

आता राहिला खुद्द उपदेशक. नगर वाचले आणि योनाला राग आला, मरण यावे इतका राग. तो देवाला म्हणाला की, तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी पळालो. बहुतेक टीकाकार येथे योनाला दटावतात. जेरोमने मात्र ३९६ मध्ये लिहिलेल्या आपल्या भाष्यात त्याची बाजू समजून घेतली आहे. परके तरले याचे दुःख योनाला नव्हते. परके तरले म्हणजे आपले लोक बुडणार, हे त्याला दिसत होते, म्हणून तो शोक करीत होता. ज्या असुरियाने पुढे इस्राएल बुडविले त्याच असुरियाला वाचविण्याचे काम त्याच्या हातून झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे जेरोमचे म्हणणे पटू लागते. भोपळ्याचा लढवय्या पंडित येथे किती हळुवार झाला आहे!

शहराच्या पूर्वेला, सुकलेल्या झाडाजवळ, उन्हात योना बसला आहे. देव त्याला विचारतो की, एका रात्रीत उगवलेल्या झाडासाठी तू हळहळतोस. मग डावे-उजवे न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे जेथे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्या नगरीसाठी मी हळहळू नये काय? गुराढोरांच्या त्या उल्लेखावर आणि त्या प्रश्नावर पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही.